दोन चाकं ओढणारी की चारही? सिरॅक्यूजच्या बर्फातली आमची गाडीखरेदी

फुल्टन गावात नदीच्या बाजूला उतरणाऱ्या रस्त्यावर एक सिग्नल आहे. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सकाळी सव्वासहाला, मी त्या सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. पायाखाली पेडल थरथरत होतं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, एबीएस, चालू होती. वेग ताशी २५ मैलांच्या आतच होता. तरी गाडी ओल्या फरशीवरच्या साबणाच्या वडीसारखी सरळ पुढं सरकत राहिली. लाल दिवा डोक्यावरून मागं गेला. चौकात त्या क्षणी कुणीही नव्हतं, म्हणून आज हे लिहितेय. पलीकडच्या फूटपाथच्या कडेवर उजवं पुढचं चाक आदळलं, रिम वाकली, आतला एक दांडाही वाकला. मला खरचटलंसुद्धा नाही. पण पंधराएक मिनिटं मी स्टिअरिंग घट्ट धरून तशीच बसून होते.

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या उत्तरेला लिव्हरपूलमध्ये राहतो. माझी नोकरी ऑस्वेगोत, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. ४८१ क्रमांकाच्या रस्त्यानं तीसएक मैल, फुल्टनपासून पुढं ऑस्वेगो नदीच्या काठाकाठानं. रक्ताचे नमुने सकाळी सातपासून यायला लागतात. ते घरी बसून तपासता येत नाहीत. त्यामुळे ‘आज बर्फ आहे, नको जाऊ’ हा पर्याय आमच्या कामात वर्षातून एखाददुसऱ्या दिवशीच मिळतो, काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्यानं, रस्तेच बंद केले तर.

इथला बर्फ समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिरॅक्यूजमध्ये वर्षाला सरासरी दहा फुटांच्या वर बर्फ पडतो. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये सर्वांत जास्त बर्फाचं शहर म्हणून याचंच नाव घेतात. कारण आहे ऑन्टारिओ सरोवर. कॅनडाकडून येणारी कोरडी, थंड हवा या सरोवरावरून वाहताना खालच्या त्यामानानं कोमट पाण्याची वाफ उचलते आणि किनारा ओलांडला की ती बर्फ होऊन खाली पडते. शेजारचं ईरी सरोवर उथळ आहे, ते बऱ्याच वर्षी गोठतं, मग तिकडचा हा खेळ थंडावतो. ऑन्टारिओ खोल आहे, जवळजवळ कधीच पुरतं गोठत नाही, म्हणून इकडं मार्चपर्यंत सुटका नाही. आणि हा बर्फ पट्ट्यापट्ट्यानं पडतो. लिव्हरपूलला कोरडं ऊन, आठ मैलांवर पांढरी भिंत, तिच्या आत गेलं की पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसत नाहीत, आणि फुल्टन ओलांडलं की पुन्हा ऊन. २००७ च्या फेब्रुवारीत दहाएक दिवसांत ऑस्वेगो काउंटीत काही ठिकाणी १०० इंचांवर आणि टग हिल पठारावरच्या रेडफील्डला १४१ इंच बर्फ पडला होता. आमच्या प्रयोगशाळेतली जुनी माणसं तो आठवडा अजून सांगतात.

अपघाताची बातमी कळली तसे सगळीकडून फोन आले, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं. ‘ऑल व्हील ड्राइव्ह घे.’ नवऱ्याचं तेच, कामावरच्या लोकांचं तेच, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या आठपैकी सात जणींचं तेच. माझी गाडी अकरा वर्षांची, फ्रंट व्हील ड्राइव्हची, म्हणजे पुढचीच दोन चाकं ओढणारी. मलाही वाटलं, ठरलं तर मग. चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची, विषय संपला.

तो संपला नाही याचं पहिलं कारण, गॅरेजमधून माझी गाडी दुरुस्त होईपर्यंत विम्यातर्फे मिळालेली भाड्याची गाडी. नेमकी ती ऑल व्हील ड्राइव्हची एसयूव्ही होती. पहिले तीन-चार दिवस मी अगदी हरखून गेले होते. रात्रभर पडलेल्या सहा इंच बर्फातून ती ड्राइव्हवेवरून अशी निघायची की जणू जून महिना आहे. सिग्नल हिरवा झाला की बाजूच्या गाड्यांची पुढची चाकं जागेवर फिरत बसायची आणि मी पुढं गेलेली असायची. मी मनातल्या मनात हप्त्याचं गणितसुद्धा मांडलं.

सातव्या दिवशी त्याच सिग्नलच्या अलीकडं, त्याच उतारावर, मी ब्रेक दाबला आणि तीच थरथर पायाखाली जाणवली. या वेळी मी आधीपासून सावध होते म्हणून थांबले, पण पांढऱ्या रेषेच्या पुढं गाडीभर अंतर जाऊन. संध्याकाळी परत येताना डोक्यात तेच घोळत होतं. माझी जुनी गाडी घरातून निघताना तरी सांगायची. पुढची चाकं फिरली, डॅशबोर्डवर तो घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला, की मला कळायचं, आज रस्ता वाईट आहे, हळू. या गाडीनं सकाळी काहीच सांगितलं नव्हतं. इतक्या सुखानं निघाली होती की रस्ता किती निसरडा आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते थांबायची वेळ आल्यावर.

त्या रात्री अण्णांचा फोन आला. माझे वडील शिरोळ तालुक्यात शेती करतात. ऊस, थोडं सोयाबीन. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय. बर्फ त्यांनी फोटोतच पाहिलाय. मी सगळं सांगितलं, गाडी कुठली घ्यायची तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

“आगं पोरी, गाडी निघत नव्हती का थांबत नव्हती?”

“थांबत नव्हती, अण्णा.”

“मग वडायची चाकं वाढवून काय हुणार? ब्रेक आत्ता बी चारी चाकांना हाईतच की. टायर बघितल्यास का? गोटा झाल्यात का बघ आदी.”

मी गप्प झाले. पंधरा दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

मग अण्णा ट्रॅक्टरवर घसरले, आणि मी ऐकत राहिले कारण त्यातली प्रत्येक गोष्ट माझ्या प्रश्नाची होती. काळ्या रानात चिखल झाला की ट्रॅक्टरचं मागचं एक चाक जागेवर गरगर फिरतं आणि दुसरं कोरड्यावरचं गप्प उभं राहतं. दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणाऱ्या डिफरेन्शियलचा स्वभावच तो, जिकडं चाक सहज फिरतंय तिकडं जोर जातो. म्हणून ट्रॅक्टरला पायाशी डिफरेन्शियल लॉकचं पेडल असतं. ते दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर चिखलातून निघतो. नांगरटीच्या आधी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, ते वजनासाठी. ओढणाऱ्या चाकावर भार असेल तरच ते जमीन धरतं. “तुझ्या गाडीचं इंजन कुठं हाय? म्होरं. वडतंय कोण? म्होरलीच चाकं. मग वझं हायच की त्येंच्यावर.” आणि शेवटी ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांची गोष्ट. चढाला ट्रॅक्टर ओढतो तेव्हा माणूस खूश असतो. त्याच रस्त्याच्या उताराला मागून दहा-बारा टनांचा रेटा येतो, तेव्हा ट्रॅक्टर किती ताकदीचा आहे याला काही अर्थ उरत नाही. तिथं चाक आणि जमीन यांच्यात काय आहे तेवढंच कामाला येतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन मी माझ्या गाडीचे टायर बघायला मागितले. तिथल्या वयस्कर मिस्त्रीनं खिशातून पंचवीस सेंटचं नाणं काढलं, वॉशिंग्टनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत घातलं. नक्षी जेमतेम डोक्याच्या टोकाला लागत होती. म्हणजे एक इंचाचे ३२ भाग केले तर त्यातले ४ भाग खोली उरलेली. कायद्यानं २ भागांपर्यंत चालतं, त्यामुळं गाडीच्या वार्षिक तपासणीत टायर पास झाला होता. पावसाला ४ भाग कसेबसे पुरतात. बर्फाला निदान ५-६ भाग लागतात असं तो म्हणाला. आणि ते टायर ‘ऑल सीझन’ होते, बाराही महिन्यांचे म्हणून विकले जाणारे. त्यांच्या बाजूवर एम आणि एस अशी अक्षरं होती, चिखल आणि बर्फ या अर्थाची. मला इतकी वर्षं वाटायचं की ती अक्षरं म्हणजे कुणीतरी बर्फात चालवून दिलेली पावती आहे. तसं नाही. ती अक्षरं फक्त नक्षीच्या आकारासाठी मिळतात. बर्फात खरोखर चाचणी झालेल्या टायरवर वेगळी खूण असते, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. त्यातही ती चाचणी दाबलेल्या बर्फावर गाडी पुढं ढकलण्याची आहे, थांबण्याची नाही. पण निदान कुणीतरी टायर बर्फावर नेलेला असतो.

हिवाळी टायरचं रबरच निराळं असतं. पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, फ्रीजमध्ये ठेवलेल्या चिक्कीसारखं. हिवाळी टायर उणे वीसलाही लवचिक राहतो. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात, त्या रस्त्यावर उघडतात आणि बर्फाला कडांनी धरतात. खोल खाचांमध्ये बर्फ भरून बसतो, आणि बर्फाला बर्फ चिकटतो, हे मुलांच्या हिममाणसावरून आपल्याला माहीतच आहे.

हे सगळं ऐकून पटलं होतं, पण आम्हा दोघांनाही डोळ्यांनी बघायचं होतं. योग असा की फेब्रुवारीच्या सुरुवातीला माझी मावसबहीण, ताई, कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून चार दिवसांसाठी आली, आपली छोटी हॅचबॅक घेऊन. फ्रंट व्हील ड्राइव्ह, आठ वर्षं जुनी, आणि चारही चाकांना हिवाळी टायर. मी टायरचा विषय काढताच ती म्हणाली, “अगं, आमच्याकडे कायदाच आहे. १ डिसेंबर ते १५ मार्च, क्वेबेकमध्ये नोंदवलेल्या आपल्यासारख्या प्रवासी गाड्यांना. नाही लावले तर दंड.” गाडी किती चाकांनी ओढते हे तो कायदा विचारत नाही. ऑल व्हील ड्राइव्हवाल्यालाही सूट नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. आमच्यासारखाच बर्फ बघणाऱ्या एका अख्ख्या प्रांतानं चाकांची संख्या मोजण्याऐवजी टायर तपासायचं ठरवलंय.

रविवारी सकाळी सातला आम्ही तिघं एका बंद पडलेल्या दुकानाच्या विस्तीर्ण पार्किंगमध्ये गेलो. हवा उणे आठ अंश, जमिनीवर दाबून गुळगुळीत झालेला बर्फ, दिव्यांचे खांब लांब कडेला. भाड्याची ऑल व्हील एसयूव्ही ऑल सीझन टायरवर, ते टायर तसे चांगल्या स्थितीतले. ताईची फ्रंट व्हील हॅचबॅक हिवाळी टायरवर. नवऱ्यानं एका ठिकाणी नारिंगी बादली ठेवली. तिथवर ताशी २० मैल वेगानं यायचं, बादलीशी ब्रेक पूर्ण दाबायचा, गाडी थांबली की पावलं मोजायची. प्रत्येकी तीन वेळा.

एसयूव्ही २८, ३०, २९ पावलांवर थांबली. हॅचबॅक १९, २०, १९. दहा पावलं म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांची लांबी. त्या दिवशी फुल्टनच्या चौकात मला कमी पडलं ते एवढंच अंतर होतं. आणि हे फक्त २० मैलांना. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलेलं तिथं थंडीत उभं राहून पुन्हा आठवलं.

मग वळून बघितलं. मोठा गोल घ्यायचा आणि वेग हळूहळू वाढवायचा. एसयूव्ही आधी सुटली, स्टिअरिंग वळवलेलं असताना सरळ बाहेर जायला लागली. हॅचबॅक बराच वेळ गोल धरून होती. तिसरी चाचणी पार्किंगच्या टोकाला असलेल्या छोट्या चढावर, मधोमध थांबून पुन्हा निघायचं. इथं मात्र एसयूव्हीनं निर्विवाद बाजी मारली. ती सरळ वर गेली. हॅचबॅकची पुढची चाकं फिरली, तिचं नाक थोडं डावीकडं गेलं, मग टायरनी पकड घेतली आणि ती चढली. चढाला वजन मागं सरकतं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होतात, म्हणून फ्रंट व्हीलची खरी परीक्षा चढावर निघण्यात आहे. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण ऑल व्हील ड्राइव्ह निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. ती निघायला आणि चढायला मदत करते, आणि ती मदत खरी आहे. मला हवं होतं ते थांबणं.

त्यानंतर गाड्या बघायला गेलो तेव्हा प्रश्न बदललेले होते. एका शोरूममध्ये विक्रेत्यानं सांगितलं की ऑल व्हील घेतली की हिवाळी टायरची गरजच नाही. हे वाक्य मी नंतर अनेकांकडून ऐकलं, आणि दर वेळी मला त्या बादलीपासूनची दहा पावलं आठवली. पण गाड्या बघता बघता आणखी एक गोष्ट कळली. ऑल व्हील ड्राइव्ह ही एक वस्तू नाहीच. सुबारूमध्ये, एखादं स्पोर्ट्स मॉडेल सोडलं तर, चारही चाकांना कायम जोर मिळत असतो. होंडा सीआर-व्हीसारख्या गाड्या एरवी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालतात आणि निघताना किंवा चाक घसरायला लागलं की क्लच मागच्या चाकांना जोडून घेतो. टोयोटाच्या रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये तर मागच्या चाकांकडं जाणारा दांडाच नाही, तिथं स्वतंत्र विजेची मोटर बसवलेली आहे. आणि घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबून जोर दुसऱ्या चाकाकडं वळवण्याचं काम ट्रॅक्शन कंट्रोल करतं, ते फ्रंट व्हील गाड्यांमध्येही असतंच. अण्णांचं पायाशी असलेलं पेडल आता कॉम्प्युटर दाबतो, एवढाच फरक.

पैशांचं असं बसलं. सीआर-व्हीच्या एकाच मॉडेलच्या फ्रंट व्हील आणि ऑल व्हील गाडीत १,५०० डॉलरचा फरक होता. पेट्रोल गॅलनला सरासरी ३० मैलांऐवजी २९, म्हणजे तिथं फारसं काही जात नाही. मागच्या डिफरेन्शियलचं तेल बदलणं वाढतं. आणि एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही: ऑल व्हीलला चारही टायर जवळपास सारखेच झिजलेले असावे लागतात. एक टायर खड्ड्यात फाटला आणि बाकीचे तीन अर्धे झिजले असतील, तर कधी कधी चारही बदलावे लागतात, नाहीतर वेगवेगळ्या घेराच्या चाकांमुळं आतल्या क्लचवर सतत ताण येतो. इथल्या मार्च महिन्यातले खड्डे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा खर्च काल्पनिक वाटणार नाही. दुसऱ्या बाजूला चार हिवाळी टायर, वेगळ्या साध्या लोखंडी रिमवर बसवून, हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरसकट, साडेनऊशे डॉलर. आणि हे टायर चालतात तेव्हा दुसरे चार गॅरेजमध्ये विश्रांती घेतात, त्यामुळं त्यांचंही आयुष्य वाढतं.

माझा रस्ता मी कागदावर लिहून काढला. तीस मैल, जवळजवळ सपाट, राज्याचे नांगर रात्रभर फिरत असलेला. (बर्फ काढणाऱ्या ट्रकला इथं नांगरच म्हणतात आणि अण्णांना ते फार आवडतं.) त्या रस्त्यावर चढ नावाला दोन. सिग्नल अकरा, आणि उतारावरचे चार. हे लिहिल्यावर निर्णय आपोआप झाला. फ्रंट व्हील सीआर-व्ही आणि तिला चार हिवाळी टायर.

‘चार’ हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. ओळखीतल्या एकानं कळकळीनं सुचवलं की ओढतात पुढचीच चाकं, मग दोनच घे, पैसे वाचतील. टायरच्या दुकानातल्या मुलीनं दोनच बसवायला साफ नकार दिला, आणि मला तिचा आदर वाटला. पुढच्या चाकांनी रस्ता घट्ट धरला आणि मागची चाकं कडक रबरावर राहिली, की वळणावर किंवा ब्रेक मारताना मागचा भाग सुटतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. आधी गाडी सरळ घसरत होती, आता ती आडवी होऊन घसरेल. आपल्याकडच्या कुणीही हा सल्ला ऐकला असेल तर कृपा करून तो पाळू नका.

पहिला हिवाळा त्या गाडीवर काढला, मग दुसरा, आता तिसरा संपत आलाय. गाडीबरोबर माझं चालवणंही बदललं. ब्रेक सरळ रस्त्यावरच मारून घ्यायचा, वळण सुरू झाल्यावर नाही. झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं इतक्या हळू पेडलवर पाय ठेवायचा. वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल नोव्हेंबर ते एप्रिल विसरायचा. टायरची हवा दर पंधरवड्याला बघायची, कारण पारा साडेपाच-सहा अंशांनी उतरला की प्रत्येक टायरमधला हवेचा दाब साधारण एक पीएसआयनं (दाब मोजायचं माप) कमी होतो. शून्याच्या आसपासचा दिवस उणे पंधराच्या दिवसापेक्षा वाईट, हेही कळलं. कडक थंडीतला बर्फ कोरडा आणि खरखरीत असतो, शून्याजवळ त्यावर पाण्याचा पापुद्रा येतो आणि मग कुठलाच टायर धड पकडत नाही.

गाडी अडकली नाही असं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये, पहाटे नांगर आमच्या गल्लीतून गेला आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी दीड फूट उंचीचा ढीग लावून गेला. तो भुसभुशीत बर्फ नसतो. दाबलेला, गोळे गोळे झालेला, मीठ मिसळलेला, सिमेंटसारखा जड. मला उशीर झाला होता, मी गाडी तशीच मागं घेत त्यावर घातली. गाडीचं पोट ढिगावर टेकलं आणि पुढची चाकं हवेत राहिल्यासारखी फिरायला लागली. सीआर-व्हीच्या खाली जेमतेम आठ इंच मोकळी जागा आहे. समोरच्या शेजाऱ्याची ऑल व्हील सेदान त्याच सकाळी तशीच टेकली होती. आम्ही दोघांनी अर्धा तास फावडी चालवली. गाडीखालची उंची हा तिसराच विषय आहे आणि टायर किंवा ड्राइव्ह, दोन्हीही त्याचं उत्तर नाहीत. त्याचं उत्तर फावडं. तेव्हापासून गाडीत एक छोटं फावडं, फिरणाऱ्या चाकांखाली टाकायला मांजरांच्या वाळूची पिशवी, घोंगडी आणि विजेरी असते. आणि ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: बर्फात रुतलेल्या गाडीत हीटर लावून बसायचं असेल तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू आत आला तर त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

माझी एक सहकारी टग हिलच्या उतारावर राहते. तिच्या घरापर्यंत अर्धा मैल खडीचा खडा चढ आहे, तिथं नांगर सकाळी आठच्या आधी येत नाही आणि तिची पाळी सातची. एकदा वादळात मी तिच्याकडं मुक्कामाला राहिले आणि सकाळी तिच्या गाडीतून निघालो. रात्रीतून पडलेला फूटभर बर्फ, संध्याकाळी त्याच चढावरून परत वर जायचं. तिच्याजवळ ऑल व्हील सुबारू आहे, खाली ८.७ इंच मोकळी, आणि हिवाळी टायरही. त्या रस्त्यावर माझी गाडी सकाळी कशीबशी उतरली असती, पण संध्याकाळी वर गेली नसती. तिला दोन्ही लागतं आणि ती दोन्हीचे पैसे मोजते. तिला कुणी फ्रंट व्हीलच पुरे म्हणून सांगितलं तर मी तिच्या बाजूनं भांडेन.

पहिल्या हिवाळ्यातला तो दिवस अजून स्पष्ट आठवतो. डिसेंबरचा दुसरा आठवडा, सरोवरावरून सरळ फुल्टनवर आलेला पट्टा, अंधार, वायपर पूर्ण वेगात. उतार आला. नेहमीपेक्षा खूप आधी पाय ठेवला. किंचित थरथर झाली, मग टायर रुतल्यासारखे वाटले आणि गाडी पांढऱ्या रेषेच्या चांगली अलीकडं उभी राहिली. आडव्या रस्त्यानं एक शाळेची पिवळी बस गेली, खिडकीत टोप्या घातलेली मुलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत अण्णांना फोन लावला, तिकडं रात्र झाली होती. त्यांनी हवापाणी विचारलं नाही. एकच विचारलं, “थांबली?”

“थांबली, अण्णा.”

आता नवऱ्याची गाडी बदलायची आहे. त्याच्या कंपनीनं नवं ऑफिस शहराच्या दक्षिणेला, डोंगराकडच्या बाजूला घेतलंय, आणि शेवटचे दोन मैल चांगलेच चढाचे आहेत. गेल्या रविवारी आम्ही त्या रस्त्यानं दोन वेळा जाऊन आलो आणि चढ, उतार, सिग्नल, नांगराची वेळ असं सगळं लिहून आणलं. यावेळी पारडं ऑल व्हीलकडं झुकतंय. खर्चाची वही त्यानं काल रात्री काढली. त्यात पहिल्या ओळीवर चार हिवाळी टायर आहेत, दुसरीवर गाडी.